मुलीच्या नात्यात धाक शिरला असेल, तर घरच्यांनी काय करावे

अकरावी-बारावीतल्या मुलीचे कोणाशी तरी जमले आहे असे घरात कळले, की पहिला निर्णय मोबाइल काढून घेण्याचा होतो आणि दुसरा कॉलेज बंद करण्याचा. मुलींना हे पक्के ठाऊक असते आणि त्रास देणाऱ्या मुलालाही. म्हणून तर ‘तुझ्या घरी सांगेन’ एवढीच धमकी त्याला पुरते. ही धमकी निकामी करणे घरच्यांच्याच हातात आहे. काहीही घडलेले नसताना, दहावीच्या सुट्टीतच, मुलीला स्पष्ट सांगावे की कोणी त्रास दिला आणि तू ते सांगितलेस, तर तुझे शिक्षण थांबणार नाही आणि घाईने लग्नही ठरवले जाणार नाही. हे वडिलांच्या तोंडून आले तर अधिक चांगले, कारण बहुतेक घरांत भीती त्यांचीच असते.

मारहाण बरीच नंतर येते. आधी पासवर्ड मागितला जातो, ‘लोकेशन पाठव’ सुरू होते, कोणासोबत बसली आहेस ते व्हिडिओ कॉलवर दाखवावे लागते, प्रोफाइलचा फोटो बदलायला लावला जातो, मैत्रिणी एकेक करून तुटतात; आणि ती दूर जाऊ लागली की ‘नस कापून घेईन’ असे निरोप येतात. संशयालाच प्रेम मानायला आपल्या चित्रपटांनी दोन-तीन पिढ्यांना शिकवले आहे, त्यामुळे मुलीला हे सुरुवातीला कौतुकाचेही वाटते. तेव्हा ‘तो वाईट आहे’ असे म्हणून तिला त्याची बाजू घ्यायला भाग पाडू नये. ‘त्याचा फोन आला की तुला कसे वाटते?’ असे विचारून गप्प बसावे आणि ऐकावे.

मुलगी बोलली नाही तरी शरीर बोलते. वारंवार पोट किंवा डोके दुखणे, झोप उडणे, जेवण कमी होणे, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे यांकडे अभ्यासाचा ताण म्हणून पाहून सोडून देऊ नये. पाळी चुकण्यामागे ताण असू शकतो, तशीच गर्भधारणाही असू शकते; न रागावता तपासणी करून घ्यावी. गळा दाबला गेला असेल, तर वळ दिसत नसला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण आवाज बसणे, गिळताना दुखणे, चक्कर येणे ही लक्षणे उशिरा दिसतात आणि धोका जिवाचा असतो.

लैंगिक अत्याचार झाला असल्यास वेळ फार महत्त्वाची ठरते. गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी उपयोगी पडते, आणि एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने असे उपचार लगेच आणि विनामूल्य करणे कायद्याने बंधनकारक आहे. आधी पोलिसांकडे जाऊन या, असे सांगून परत पाठवता येत नाही. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत.

‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन मात्र शिक्षिकेने, मावशीने, कोणीच देऊ नये. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) अठरा वर्षांखालील मुलीची लैंगिक संबंधांना संमती धरली जात नाही, आणि असा गुन्हा कळलेल्या प्रत्येकाने तो पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. ही अट मुलीला सगळे विचारण्याच्या आधी सांगावी, नंतर सांगितल्यास तो विश्वासघात ठरतो. तिचा जबाब घरी किंवा तिच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यायचा असतो, हेही सांगावे. गर्भपाताची वेळ आली, तर मुलगी आणि पालक यांच्या विनंतीवरून डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

फोटो पसरवण्याची धमकी असेल, तर पैसे देऊ नयेत आणि चॅट पुसू नये. तारीख व खात्याचे नाव दिसेल असे धमक्यांचे स्क्रीनशॉट ठेवावेत, पण तो फोटो पुरावा म्हणूनही कोणाला पुढे पाठवू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. अल्पवयीनांसाठीची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा फोटो आपल्याकडे न घेता, त्याची डिजिटल खूण बनवून, सहभागी समाजमाध्यमांवर तो रोखायला मदत करते.

नाते तोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा. जून २०२३ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, तेव्हा रस्त्यावरच्या तरुणांनी धावून जाऊन तिला वाचवले. ‘एकदा शेवटचे भेट’ या विनंतीला मुलीने एकटीने जाऊ नये. नकार निरोपाने कळवावा, काही आठवडे क्लासची वाट आणि वेळ बदलावी, दोन मैत्रिणींना आणि वर्गशिक्षकांना कल्पना द्यावी. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे. हल्ला होण्याची वाट न पाहता तक्रार करता येते.

तातडीला ११२, अठरा वर्षांखालील मुलींसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि मनाच्या आधारासाठी १४४१६ हे क्रमांक मुलीच्या फोनमध्ये साध्या नावांनी साठवावेत. अनेक सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असते; हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांना आधार देणारे, मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेले ‘दिलासा’ केंद्र आता पालिकेच्या इतर रुग्णालयांतही आहे.

आणि त्रास देणारा मुलगा आपलाच असेल, तर ‘वयच तसे आहे’ म्हणून पांघरूण घालू नये. त्याला त्या मुलीची माफी मागायलाही पाठवू नये, कारण तिच्यासाठी ती माफी म्हणजे त्याच्याशी पुन्हा गाठ पडणेच असते; संपर्क पूर्ण थांबवून त्याला समुपदेशकाकडे न्यावे.