तक्रार करा, पण माणूस वगळून

बावीस वर्षं मी तक्रारींचे फोन घेतले. कुठे ते राहू दे. शिव्यांची सवय होते हो. लागायचा तो गोड आवाजात, ‘अहो मॅडम’ म्हणत केलेला अपमान. आता निवृत्तीनंतर स्वतःला तक्रार करायची वेळ आली की मी काय काय सांभाळते, ते सांगते.

सगळ्यात आधी क्रियापद. ‘तुम्ही पत्ता चुकीचा लिहिलात’ आणि ‘पत्ता चुकलाय’, दोन्हींत माहिती तेवढीच. पण पहिलं वाक्य ऐकलं की समोरचा पत्ता सुधारायचं सोडून स्वतःची बाजू मांडत बसतो. मराठीत कर्ता गाळून बोलायची मोठी सोय आहे: राहिलं, सुटलं, फाटलं, चुकलं. दुसऱ्याच्या चुकीसाठी ती सढळ हाताने वापरा. स्वतःच्या चुकीला मात्र नाही. ‘कळवायचं राहून गेलं’ ही माफी नव्हे, ‘मी कळवायला विसरले’ ही माफी. (आमच्या घरी एक जण अजून ‘राहून गेलं’वरच भागवतो.)

मग ‘च’. ‘तुम्ही उशिरा आलात’ हे माणूस ऐकून घेतो. ‘तुम्ही नेहमीच उशिरा येता’ म्हटलं की तो वेळेवर आल्याचे तीन दिवस शोधून काढतो आणि भांडण त्या तीन दिवसांवरून सुरू होतं. तक्रार लेखी असेल तर पाठवण्याआधी सगळे ‘च’ आणि ‘नेहमी’ खोडा आणि तिथे तारखा घाला.

‘जरा’ आणि ‘कृपया’वर फार विसंबू नका. ‘जरा ऐकता का?’ ही विनंती, ‘जरा डोकं चालवा’ यात विनंती कुठे आहे?

आणि थांबायला शिका. हे मला सगळ्यात उशिरा जमलं. एकाचं बोलणं संपून दुसरा उत्तर देईपर्यंत सरासरी सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग जातो. २००९ साली दहा भाषांमधली संभाषणं तपासून हे मोजलं गेलं. एवढ्या झटपट उत्तरांची सवय असल्यावर फोनवरचे चार सेकंद डोक्यात जातात. पलीकडची बाई तुमचीच नोंद शोधत असते, आणि तेवढ्यात तुमच्या तोंडून निघतं, ‘झोपलात का?’ मी ‘शोधतेय हं’ म्हणत राहायचे, ते याच भीतीने. तुम्ही फोन करणारे असाल तर त्या चार सेकंदांत काहीही बोलू नका. पाणी प्या.

उद्धट बोलून झालंच, तर माफी लगेच आणि नेमक्या शब्दांत मागा. एक आजोबा तोच प्रश्न चौथ्यांदा विचारत होते आणि मी म्हणून गेले, ‘एकदा सांगितलेलं कळत नाही का?’ ते म्हणाले, ‘बाई, मला कमी ऐकू येतं.’ मी ‘तसं म्हणायचं नव्हतं’ असं पुटपुटले. साफ खोटं, तसंच म्हणायचं होतं. रात्रभर ते सलत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी आपणहून फोन लावला आणि म्हणाले, ‘काल मी तुमच्याशी उद्धटपणे बोलले. माफ करा.’

‘काय म्हणालात? मोठ्याने बोला!’

मग सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं.