कामांच्या यादीत प्राधान्य पातळ्या आणि क्रमवारी कशी लावावी

सेटिंग्ज उघडण्यापूर्वी प्रत्येक प्राधान्य पातळीचा अर्थ एका वाक्यात लिहून काढावा. ‘महत्त्वाचे’ एवढा मोघम अर्थ उपयोगाचा नाही, कारण यादीत लिहिताना प्रत्येकच काम महत्त्वाचे वाटते. ‘हे आज झाले नाही तर दुसऱ्या कोणाचे तरी काम अडेल’ अशी कसोटी लावली, तर पहिल्या पातळीत मोजकीच कामे शिरतात. माझ्या मते तीन पातळ्या पुरतात. टुडूइस्ट या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये पी१ ते पी४ अशा चार असल्या, तरी नवे काम आपोआप पी४ मध्ये पडत असल्याने तिचा अर्थ ‘अजून ठरवलेले नाही’ असाच धरावा. ईमॅक्स या मजकूर-संपादकातल्या ऑर्ग मोड या सोयीत पातळ्या ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा असतात; तेथे मात्र पातळी न दिलेले काम मूळ सेटिंगनुसार मधल्या ‘बी’चे मानले जाते आणि म्हणून ‘सी’च्या वर येते.

त्यानंतर क्रमाची दिशा पाहावी. १ हा आकडा सर्वोच्च असेल तर चढता क्रम निवडावा, आणि मोठा आकडा वरचा असेल तर उतरता. पातळ्यांची नावे साध्या मजकुराच्या रकान्यात लिहिली असतील, तर अकारविल्हे लावताना ‘उच्च, निम्न, मध्यम’ असा क्रम लागतो, म्हणजे मध्यम कामे थेट तळाशी जातात! त्यावर ‘१ उच्च’, ‘२ मध्यम’, ‘३ निम्न’ असे आकडे नावांच्या आधी लावणे हा सोपा उपाय आहे.

खरा निर्णय पुढे असतो: आधी प्राधान्य की आधी मुदत? समजा, अहवाल पाठवणे हे पहिल्या पातळीचे काम शुक्रवारपर्यंत करायचे आहे, जुन्या फायली लावणे हेही पहिल्या पातळीचे पण बिनतारखेचे आहे, आणि तिसऱ्या पातळीच्या वीजबिलाची मुदत आजच संपते. आधी प्राधान्य लावले, तर बिल फायलींच्याही खाली जाते आणि नजरेतून सुटते. म्हणून रोजच्या यादीत मुदत हा पहिला निकष, प्राधान्य हा दुसरा आणि बिनतारखेची कामे शेवटी ठेवावीत. आठवड्याच्या आढाव्यात मात्र आधी प्राधान्य आणि मग मुदत असा क्रम उलटावा. यादीची दोन दृश्ये, म्हणजे दोन वेगळ्या मांडण्या, जतन करता येत असतील, तर सेटिंग्ज रोज बदलावी लागत नाहीत.

स्वयंचलित क्रमवारी चालू असताना कामे ओढून वरखाली करण्याची सोय अनेक प्रोग्रॅममध्ये बंद होते. तो बिघाड नव्हे.

यादी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेताना मात्र जपावे. कॅलेंडर आणि कामांची माहिती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्यासाठीच्या २००९ च्या आयकॅलेंडर मानकात प्राधान्य ० ते ९ आकड्यांत लिहितात, त्यात १ सर्वोच्च, ९ सर्वांत खालचे आणि ० म्हणजे प्राधान्य न ठरवलेले. तीन पातळ्यांच्या प्रोग्रॅमसाठी १ ते ४ उच्च, ५ मध्यम आणि ६ ते ९ निम्न धरले जातात, त्यामुळे १ आणि ३ यांतला फरक तेथे पुसला जाऊ शकतो. आधी चार-पाच कामेच नेऊन पाहावीत आणि ती अपेक्षित पातळीत उतरली, तरच बाकीची यादी हलवावी.