वनहक्काचा दावा आणि उपग्रहाचं चित्र: माझा अनुभव

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातल्या एका आजोबांचा वनहक्क दावा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचा दावा, फेटाळला गेला. कारण एकच, ‘उपग्रह चित्रात शेती दिसत नाही’. वनहक्क कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा होता. आजोबा तर तिथे नांगर धरूनच म्हातारे झालेले.

मी आधी मे महिन्यातली चित्रं काढली. काहीच उमगेना. सागाची पानं तेव्हा गळलेली, शेतंही उघडी, सगळं तपकिरी. पावसाळ्यानंतर लगेचची पाहिली, तर सगळं हिरवं! मग डोक्यात आलं की नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर बघायला हवं. खरीप निघालेलं असतं आणि साग अजून पानांवर असतो. तेव्हा शेत फिक्कट डागासारखं उठून दिसतं.

लँडसॅट 7 या अमेरिकन उपग्रहाच्या मे 2003 नंतरच्या चित्रांत बिघाडामुळे मधलेमधले पट्टे रिकामे आहेत, म्हणून त्याआधीची घेतली. चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) 30 मीटर बाय 30 मीटरचा, म्हणजे एकरभर रानाला जेमतेम साडेचार ठिपके. त्यात बांधावरच्या मोहाची सावली पडली की ठिपका ‘जंगल’ म्हणून मोजला जाऊ शकतो. म्हणून आजोबांना म्हटलं, “चला, बांधावरून फिरू.” ते पुढे, मी जीपीएस घेऊन मागे. ती हद्द चित्रावर टाकली, तेव्हा तीन वर्षं तोच फिक्कट डाग.

वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलंय: उपग्रह चित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, पर्याय नाही. अपिलात तेही जोडलं, शेजारच्या वडीलधाऱ्यांचे जबाबही. दावा फेरतपासणीला परत गेलाय.