थ्रस्टर शिकायचेत? आधी एनआरव्ही हातात घ्या

सांगलीच्या वालचंदमधली किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतली मुलं विचारतात, "ताई, यानाच्या इंजिनांवर काम करायचं तर सुरुवात कुठून करू?" मी व्हॉल्व आणि थ्रस्टर, म्हणजे यानाला दिशा आणि वेग देणारी छोटी इंजिनं, यांच्या चाचण्यांचं काम करते, त्यामुळे माझं उत्तर थोडं एकांगी असेल. पण ते मनापासून आहे. आधी एनआरव्ही, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व (नॉन-रिटर्न व्हॉल्व), हातात घ्या. तो का, हे कळायला मार्च २०१३ मधली स्पेसएक्सच्या ड्रॅगन या मालवाहू यानाची फेरी नीट समजून घ्या.

१ मार्चला फाल्कन ९ रॉकेटने यान व्यवस्थित कक्षेत सोडलं. ड्रॅगनवर १८ ड्रॅको थ्रस्टर होते, चार गटांत विभागलेले. त्यातले तीन गट सुरूच होईनात. ऑक्सिडायझरच्या (इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणाऱ्या द्रवाच्या) टाक्यांत दाब चढत नव्हता, म्हणून यानाच्या सॉफ्टवेअरनेच त्यांना अडवून धरलं. अंतराळ स्थानकाजवळ जायचं तर निदान तीन गट चालू हवेत अशी नासाची अट, आणि इथे चालू होता एकच. दुसऱ्या दिवशीची स्थानकाची भेट रद्द झाली.

आता आत काय चाललं होतं ते बघा, कारण शिकण्यासारखं सगळं इथेच आहे. या थ्रस्टरना पंप नसतो. हेलियमच्या टाकीतला प्रचंड दाब रेग्युलेटरमधून उतरवून इंधनाच्या आणि ऑक्सिडायझरच्या टाक्यांवर दिला जातो. तोच द्रव पुढे ढकलतो. मध्ये एनआरव्ही बसवलेले असतात. हेलियम पुढे जावा, पण टाकीतली वाफ उलटी येऊ नये, एवढंच त्यांचं काम. मोनोमिथाइल हायड्रॅझीन हे इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड हा ऑक्सिडायझर एकमेकांना भेटले की ठिणगीशिवाय पेटतात, त्यामुळे उलटी आलेली वाफ परवडत नाही. कृष्णाकाठी वाढलेल्याला हे फार समजावून सांगावं लागत नाही. पाण्यात बुडवलेल्या पाइपच्या टोकाचा फूट व्हॉल्व चिकटला की मोटर कितीही फिरवा, उसाला पाणी जात नाही.

नियंत्रण कक्षातल्या लोकांनी अडकलेल्या व्हॉल्वच्या अलीकडे दाब साठवला आणि एकदम सोडला. पुन्हा साठवला, पुन्हा सोडला. त्या धक्क्यांनी व्हॉल्व मोकळे झाले आणि चारही गट परत आले. यान दिशा न धरता फिरत असल्यामुळे संपर्क धड लागत नव्हता, म्हणून अमेरिकी हवाई दलाच्या ताकदवान अँटेनाची मदत घ्यावी लागली. एक दिवस उशिरा, ३ मार्चला, स्थानकाच्या यांत्रिक हाताने ड्रॅगनला पकडलं. कारण नंतर कळलं: व्हॉल्वच्या रचनेत झालेला एक बारीकसा बदल.

हाच सुटा भाग उलट्या बाजूनेही दगा देतो. २० एप्रिल २०१९ रोजी क्रू ड्रॅगन हे माणसं नेणारं यान जमिनीवरच्या चाचणीत फुटलं. तिथे ऑक्सिडायझर गळून हेलियमच्या नळीत गेला होता. दाब देताच तो वेगाने एनआरव्हीवर आदळला आणि टायटॅनियमने पेट घेतला. नंतर त्या जागी बर्स्ट डिस्क, म्हणजे ठरावीक दाबाला फुटून वाट मोकळी करणाऱ्या चकत्या, बसवल्या. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ या दिशादर्शक उपग्रहाला ठरलेल्या कक्षेत नेता आलं नाही, कारण थ्रस्टरला ऑक्सिडायझर सोडणारे व्हॉल्व उघडले नाहीत. बातमीत एका ओळीत संपतं हे. पण त्या एका ओळीवर आयुष्यभर काम करता येतं, आणि मला ते काम फार मोलाचं वाटतं.

म्हणून सुट्टीतली इंटर्नशिप लांब शोधण्याआधी जवळ बघा. किर्लोस्करवाडीला पंप-व्हॉल्वची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. कुपवाड, मिरज आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवर सीट, म्हणजे व्हॉल्वचं झाकण जिथे टेकतं ती कड, घासणारे कारागीर आहेत. त्यांच्याजवळ उभे राहा. एनआरव्ही बेंचवर लावा, उलट्या बाजूने हवा द्या, दुसऱ्या टोकाची नळी पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजा. मग सुलट बाजूने हळूहळू दाब वाढवा आणि तो नेमका कितीला उघडतो ते लिहून ठेवा. तोच व्हॉल्व दहा वेळा उघडा-मिटा. आकडा हलतो का बघा. सीटवर केसाएवढा बर (धातूचा कण) अडकला तरी बुडबुड्यांची रांग लागते. नवीन लॉटमधले नग किंचित वेगळ्या दाबाला उघडायला लागले, तर कुठे काय बदललं ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मालाची घाई असेल, वरिष्ठ वैतागतील, तरी विचारा.

अभ्यासात फ्लुइड मेकॅनिक्स आणि थर्मो पक्कं हवंच. मुलं सोडून देतात ते मटेरियल्स आणि इन्स्ट्रुमेंटेशन. दाबाचा आलेख वाचता आला नाही तर बाकीचं निम्मं ज्ञान पडून राहतं. सेन्सर खोटं बोलतोय की टाकी खरंच रिकामी होतेय, हा फरक ओळखण्याचा सराव कॉलेजच्या लॅबमध्येही करता येतो.

नोकरीचं थोडक्यात. इस्रोमध्ये द्रव इंजिनांचं काम मुख्यतः केरळमधल्या वलियमलाच्या एलपीएससीत (लिक्विड प्रोपल्शन सिस्टिम्स सेंटरमध्ये) आणि तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला चालतं. सायंटिस्ट-इंजिनिअर 'एससी' (ही पदाची श्रेणी, जातीचा प्रवर्ग नव्हे) या पदासाठी बी.ई.ला ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए लागत आलेत, तेव्हा दुसऱ्या वर्षापासूनच गुण सांभाळा. अंतिम जाहिरात स्वतः वाचा. खासगीत बेंगळुरूची बेलाट्रिक्स आणि मुंबईची मनस्तू थ्रस्टरवरच काम करतात; हैदराबादची स्कायरूट आणि चेन्नईची अग्निकुल रॉकेट बनवतात. अमेरिकी कंपन्यांत भारतीय नागरिकाला हे काम सहसा मिळत नाही, कारण तिथले निर्यात नियंत्रणाचे कायदे आड येतात. मुलाखतीला जाताना बुडबुडे आणि दाब यांची ती नोंदवही बरोबर न्या. आमच्याकडे मुलाखत घेताना मी तरी तीच आधी मागते.