मालवणची सहल कमी खर्चात कशी आखावी

सहलीचा खर्च कमी करायचा म्हटले की बहुतेक जण सवलतीचे कूपन शोधू लागतात. प्रत्यक्षात खर्चाचा मोठा भाग सहलीची तारीख ठरते त्याच वेळी ठरून गेलेला असतो. मुंबईहून मालवण-तारकर्लीला चार-पाच दिवसांसाठी जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष आणि मे महिना या काळात किनाऱ्यालगतच्या खोल्यांचे भाडे चढलेले असते आणि घासाघीस करायला वाव उरत नाही. संक्रांतीनंतरचा जानेवारी आणि फेब्रुवारी हे दिवस हवेच्या दृष्टीनेही चांगले आणि खिशालाही परवडणारे असतात, मात्र प्रजासत्ताक दिनाला जोडून येणारा शनिवार-रविवार टाळावा. याच सुमारास आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्राही भरते. तिचा दिवस तिथीने ठरत नाही, देवीचा कौल घेऊन जाहीर होतो, त्यामुळे जुन्या अंदाजावर विसंबता येत नाही. गाड्या आणि खोल्या त्या दिवसांत भरलेल्या असतात, म्हणून आरक्षणापूर्वी जत्रेची तारीख विचारून घेतलेली बरी. पावसाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात हे खरे, पण तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद असतात आणि जून-जुलैत मासेमारीबंदीही असते. पडवीत बसून पाऊस पाहण्यात ज्यांना आनंद आहे, त्यांच्यासाठीच तो सौदा फायद्याचा आहे.

तारीख पक्की झाली की आधी गाडीचे तिकीट काढावे, खोलीचे नंतर पाहावे. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होते आणि सकाळी 8 वाजता खिडकी उघडते. ही संधी हुकली की तत्काळचे जादा पैसे मोजावे लागतात किंवा खासगी बसचे सुट्टीतले दर सोसावे लागतात. ऑनलाइन तिकिटावरचे सुविधा शुल्क माणशी नव्हे तर तिकीटवार लागते आणि एका तिकिटावर सहा जणांचे आरक्षण होते, म्हणून सगळ्यांचे तिकीट एकत्रच काढावे. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ मागितला तर पूर्ण भाडे पडते, न मागितल्यास अर्धे. रात्रीच्या प्रवासात ही बचत करू नये, दिवसाच्या मांडवी एक्स्प्रेसला मात्र तिचा विचार करता येतो. रात्रीच्या कोकणकन्येने गेल्यास मुक्कामाची एक रात्र वाचते. दादरहून सुटणाऱ्या तुतारीची वेळ मध्यरात्र उलटल्यानंतरची आहे; शुक्रवारी रात्री घराबाहेर पडणाऱ्याने तिकीट शनिवारच्या तारखेचे काढायचे असते. ही चूक झाली तर सगळे भाडे पाण्यात जाते.

कुडाळ स्थानकावरून मालवण सुमारे तीस किलोमीटर आहे. रिक्षा किंवा खासगी गाडी करण्याआधी एसटीच्या वेळा पाहाव्यात, कारण एसटीत महिलांना आणि 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मे तिकीट लागते आणि 75 वर्षांवरील व्यक्तींना राज्यात मोफत प्रवास आहे. आजीचे ओळखपत्र घरी विसरू नये, एवढेच.

खोली निवडताना केवळ भाड्याची तुलना करणे फसवे ठरते. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावरची खोली आणि मालवण गावातली खोली यांच्या भाड्यात फरक असतो, परंतु गावात राहिल्यास रोजचे रिक्षाभाडे वाढते. सगळा दिवस समुद्रावरच घालवायचा असेल तर किनाऱ्याजवळची महाग खोलीही हिशेबात स्वस्त पडू शकते. ॲपवर दर पाहून झाल्यावर घरमालकाला थेट फोन करावा आणि नाश्ता भाड्यात धरलेला आहे का, जादा गादीचे किती, मुलांचे वेगळे घेणार का, एसी नको असल्यास किती कमी करणार आणि सकाळच्या गाडीने आलो तर लवकर खोली मिळेल का, हे एकेक विचारून उत्तरे व्हॉट्सॲपवर लिहून मागावीत. पूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नये. थोडी विसार रक्कम द्यावी आणि बेत रद्द झाल्यास ती परत मिळेल का, हेही त्याच संदेशात ठरवून घ्यावे.

जेवणात खर्च वाढतो तो माशाच्या निवडीने. सुरमई आणि पापलेटच्या थाळीचा दर तुकड्याच्या आकाराप्रमाणे बदलतो, म्हणून मागवण्यापूर्वीच विचारावा. बांगडा किंवा तारलीची थाळी बरीच स्वस्त असते आणि चवीला, माझ्या मते, काकणभर सरसच. स्कूबा आणि पॅरासेलिंगसाठी हॉटेलात सुचवलेले पॅकेज लगेच न घेता किनाऱ्यावर दोन-तीन ठिकाणी दर विचारावेत आणि प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटे मिळणार, व्हिडिओचे पैसे वेगळे आहेत का आणि समुद्र खवळून फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळणार का, हे पैसे देण्याआधीच स्पष्ट करून घ्यावे.