गोठ्याची कामाची जागा करताना आधी ओल काढा

जुन्या गोठ्याचं ऑफिस करून तिथे बसायला सुरुवात झाली की पहिली तक्रार वासाची आणि पोपडे धरणाऱ्या भिंतींची येते. जनावरांच्या मूत्रातले क्षार वर्षानुवर्षं भिंतीत मुरलेले असतात आणि ते हवेतली ओल ओढत राहतात. वरून कितीही रंग द्या, लोणा, म्हणजे भिंतीवर येणारी क्षारांची पांढरी पूड, पुन्हा फुटतोच. म्हणून खालचा मीटरभर गिलावा पूर्ण काढा, दरजा (दगडांमधले सांधे) २० ते २५ मिमी खोल खरवडा आणि ही पूड कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाणी मारू नका, क्षार विरघळून परत आत शिरतात. जाड दगडी भिंत वाळायला महिने लागतात, तेवढे द्याच. मग चुन्याचा गिलावा करा, कारण सिमेंटचा गिलावा ओल आतच कोंडतो.

बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान १५० मिमी खाली हवी. भिंतीत गाडलेली तुळयांची टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. कूज तिथूनच सुरू होते.

आतली जमीन खणताना भिंतीच्या पायाच्या तळाखाली जाऊ नका. १५० मिमी खडी ठोकून घ्या, वर वाळूचा पातळ थर, ३०० मायक्रॉनची पॉलिथिन शीट, १०० मिमी एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा कडक फोम) आणि १०० मिमी काँक्रीट. शीट भिंतीवर चढवून घ्या. काँक्रीट आणि भिंत यांच्यामध्येही २५ मिमी जाडीची एक्सपीएसची पट्टी हवी, नाहीतर काठाने उष्णता निसटते.

छपराला रॉकवूलचे (उष्णता अडवणाऱ्या दगडी लोकरीचे) दोन थर द्या: १०० मिमी वाशांमध्ये, ५० मिमी वाशांना आडवा. दाबून कोंबलेल्या रॉकवूलमधली हवा जाते आणि उपयोगही. कौलांखाली ५० मिमी फट मोकळी ठेवा, वळचणीला आणि आढ्याला तिची तोंडं उघडी हवीत. बाष्परोधक पडदा, म्हणजे हवेतली वाफ अडवणारी शीट, थंड हवामानात आतल्या बाजूला लागतो. दमट, उष्ण जागी एसी चालणार असेल तर हा पडदा बाहेरच्या बाजूला घ्या.

आतलं अस्तर लावण्याआधी वाऱ्याच्या दिवशी दारं-खिडक्या बंद करून प्रत्येक सांध्याजवळ अगरबत्ती धरा. धूर वाकला तिथे सीलंट भरा. खोली अशी घट्ट झाली की ताजी हवा मुद्दाम आणावी लागते: माणशी सेकंदाला १० लिटर, जमल्यास उष्णता परत मिळवणाऱ्या यंत्रातून.

एसीचं माप यानंतरच काढा. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करून थांबतो आणि दमटपणा तसाच राहतो.