एस.टी.च्या प्रवासात या चुका टाळा

एस.टी.च्या साध्या गाडीत चाळीस-पन्नास माणसे दोन-तीन तास एकमेकांना खेटून बसलेली असतात. त्यांच्यात होणारी बहुतेक भांडणे पाहिली, तर मुळाशी कुणाचा तरी लहानसा विसर असतो: सुट्टे पैसे नाहीत, ओळखपत्र घरी राहिले, पाणी संपले, पिशवी आणली नाही. ज्याची अडचण होते तो ती नकळत वाहकावर, शेजाऱ्यावर किंवा मागच्या बाकावरच्या माणसावर ढकलतो. त्यामुळे प्रवासातले सौजन्य आणि घरून निघतानाची तयारी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे सुट्ट्या पैशांबाबतची बेफिकिरी. पहाटेच्या पहिल्या गाडीला वाहकाजवळ मोड फारशी नसते आणि नेमकी त्याच वेळी तीस-पस्तीस रुपयांच्या तिकिटासाठी पाचशेची नोट पुढे येते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागू झाले आहे. निम्मे भाडे दहाच्या पटीत बसतेच असे नाही, त्यामुळे रुपया-दोन रुपयांच्या नाण्यांचीही गरज पडते. आदल्या संध्याकाळी किराणा दुकानातून दहा-वीसच्या चार नोटा आणि थोडी नाणी घेऊन ठेवली, तर हा प्रश्न उरत नाही. दहा रुपयांचे नाणे चालत नाही असे सांगून वाद घालणारे प्रवासी अजूनही भेटतात. वेगवेगळ्या नक्षीची दहाची सर्व नाणी वैध आहेत, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच केला होता, तेव्हा ते नाणे निःशंकपणे द्यावे आणि घ्यावे.

मोड नसली की वाहक उरलेली रक्कम तिकिटाच्या पाठीमागे लिहून देतो. येथे दुसरी चूक होते: ते तिकीट खिशात कोंबून प्रवासी झोपी जातो, उतरण्याच्या घाईत पैसे मागायचे विसरतो आणि मागाहून वाहकावर संशय घेतो. आपला थांबा येण्याच्या एक थांबा आधी तिकीट हातात धरून, ‘मास्तर, माझे पासष्ट राहिले आहेत,’ असे शांतपणे सांगावे. कधी कधी दोघा प्रवाशांच्या उरलेल्या पैशांची मिळून एकच नोट वाहक एकाच्या हातात देतो. अशा वेळी ती खिशात घालण्यापूर्वी दुसरा कुठे उतरणार हे विचारून घ्यावे, नाहीतर दोघांपैकी एकाला भलत्याच थांब्यावर धावपळ करावी लागते.

आता वाहकाच्या यंत्रावर क्यूआर कोड असल्याने काही जण नोटा जवळ ठेवतच नाहीत. घाटात नेटवर्क जाते, जुन्या फोनची बॅटरी दुपारपर्यंत उतरते आणि पैसे, आरक्षणाचे तिकीट व ओळखपत्र या तिन्ही गोष्टी त्या एका बंद फोनात अडकतात. परतीच्या भाड्याइतकी रोकड आणि ओळखपत्राची छापील प्रत पाकिटात वेगळी असावी. ज्येष्ठांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे आहे. ६५ ते ७५ वर्षांपर्यंतच्या प्रवाशांना निम्मे भाडे लागते आणि ७५ पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे, परंतु वयाचा पुरावा पाहिल्याशिवाय वाहक सवलत देऊ शकत नाही, कारण तपासणी झाली तर जाब त्यालाच द्यावा लागतो. ‘माझे पांढरे केस दिसत नाहीत का?’ असे म्हणून त्याच्यावर चिडणे अन्यायाचे आहे. आई-वडिलांना स्थानकावर सोडायला जाणाऱ्या मुलांनी पिशवीत डबा ठेवला की नाही हे पाहतानाच त्यांचे आधार कार्ड वरच्या कप्प्यात आहे ना, हेही पाहावे.

ज्यांना गाडी लागते, त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण याबाबत संकोचाने कुणी बोलत नाही आणि त्रास मात्र साऱ्या गाडीला होतो. कुंभार्ली किंवा आंबोलीसारख्या घाटात वळणे सुरू झाली की मळमळणारा माणूस खिडकीतून डोके बाहेर काढतो. हे जिवावर बेतू शकते, शिवाय मागच्या खिडक्यांतल्या लोकांच्या अंगावर शिंतोडे उडतात. मागचे बाक सर्वांत जास्त हादरतात, म्हणून अशा व्यक्तीने पुढच्या बाजूला जागा धरावी, नजर समोरच्या रस्त्यावर ठेवावी आणि मोबाइल किंवा वर्तमानपत्र वाचू नये. डॉक्टरांनी सुचवलेली गोळी असेल, तर ती निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा पोटात टिकतच नाही. न फाटलेल्या दोन पिशव्या, जुना रुमाल, पाण्याची बाटली आणि आल्याच्या वड्या हाताशी असाव्यात, वरच्या रॅकवरच्या बॅगेत नव्हे. शेजाऱ्याला आधीच ‘मला घाटात त्रास होतो, खिडकीजवळ बसू द्याल का?’ असे सांगितले, तर नकार देणारा माणूस विरळाच. पिशवीला घट्ट गाठ मारून ती पुढच्या थांब्यावरच्या कचरापेटीत टाकावी. आणि शेजारी बसलेल्यांनी नाक मुरडण्याऐवजी पाणी पुढे करावे. त्या माणसाला लाज आधीच पुरेशी वाटत असते.

जागेवरून होणारे वाद जुनेच आहेत. गाडी फलाटाला लागण्यापूर्वी खिडकीतून रुमाल टाकून तीन-तीन जागा अडवणे हा आपला हक्क नाही. ज्याला बसायचेच आहे त्याने आरक्षण करावे आणि आरक्षित जागेवर कुणी बसलेले असेल, तर आवाज न चढवता तिकीट दाखवावे. याहून सूक्ष्म चूक अशी की, स्वतः बसून राहून समोरच्या तरुणाला ‘ऊठ रे, आजींना बसू दे,’ असे फर्मावले जाते. त्या मुलाला ताप असेल, पायाला दुखापत असेल, हे आपल्याला दिसत नाही. जागा द्यायची असेल तर आपली द्यावी.

मोठ्या आवाजात व्हिडिओ लावणे, स्पीकरवर बोलणे याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मुंबईत बेस्टने २०२३ मध्ये आपल्या बसगाड्यांत यावर बंदी घातली. कुणी ऐकत नसेल, तर स्वतः भांडण न काढता वाहकाला सांगावे.

चहापाण्यासाठी गाडी थांबली की ती किती मिनिटे थांबणार हे विचारूनच खाली उतरावे आणि गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लक्षात ठेवावेत, कारण फलाटावर एकसारख्या दिसणाऱ्या चार गाड्या उभ्या असतात. स्वच्छतागृहासाठी नाणी, साबणाचा कागद आणि थोडे पाणी जवळ ठेवावे. स्त्रियांनी पिशवीत एक-दोन सॅनिटरी पॅड आणि गुंडाळायला कागद ठेवावा. स्वतःला लागले नाही, तरी शेजारच्या एखाद्या मुलीची अडचण त्याने दूर होते. वापरलेले पॅड शौचकूपात टाकल्यास ते तुंबते आणि पुढच्या प्रत्येक गाडीतल्या बायकांचे हाल होतात.

उतरताना स्वतः घंटी वाजवू नये. एका घंटीला चालक थांबतो आणि दोन घंट्यांना निघतो, त्यामुळे चुकीची घंटी वाजली तर कुणीतरी पायरीवर असतानाच गाडी सुटू शकते. थांबा हवा असेल तर वाहकाला आधी सांगून, सामान आवरून दाराजवळ यावे. एखादी वस्तू गाडीत राहिलीच, तर गाडीमागे धावू नये. स्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकाला लगेच तिकीट दाखवावे, म्हणजे त्यावरील तपशिलावरून गाडी शोधून पुढच्या स्थानकाला कळवणे त्यांना सोपे जाते. यासाठी तिकीट उतरल्याबरोबर फेकू नये. यंत्रावरची छपाई उन्हाने आणि घामाने पुसट होते, म्हणून लांबच्या प्रवासात तिकीट हाती येताच त्याचा एक फोटो काढून ठेवावा.